मदत हवी आहे: फिटरचा तासाचा दर काढताना भागायचं कशाने?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मशिनरीचं होलसेल दुकान आहे. कॉम्प्रेसर, बेंच ड्रिल, चेन पुली, मोटारी. काउंटर, गोडाऊन, टेम्पो, फिटर धरून 23 माणसं. सासऱ्यांनी आजवर सगळे पगार महिन्यावरच ठरवले. यंदा पगारपत्रक माझ्याकडे आलं आणि गेल्या आठवड्यात आमचे हेड फिटर (त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात) टेबलापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, महिन्याचं नको, आता तासाचं बोला." आणि खिशातली डायरी पुढ्यात ठेवली.

पानापानावर ग्रीसचा अंगठा. खाली नोंदी: "गोकुळ शिरगाव, कॉम्प्रेसर, 7 ते 9.40." दुकान 10 ते 7, मध्ये तासभर जेवण. आम्ही शटर ओढून घरी जातो तेव्हा हे कुणाच्या तरी शेडमध्ये मशीन बसवत असतात. बेरीज केली, महिन्याला सरासरी 260 तास. 2019 ची डायरीसुद्धा जपून ठेवलीय त्यांनी, तिच्यात 230 निघाले.

तेव्हा पगार 13,000, आता 22,000. सासरे म्हणतात, 69 टक्के वाढ दिली, अजून किती द्यायची? पण डायरीतल्या तासांनी भागलं तर 56.50 चे 84.60 झालेत, म्हणजे वाढ 50 टक्क्यांच्या आतबाहेर. सासरे 30 दिवस आणि 10 तास धरतात, त्यांचा दर 73 रुपये. 26 दिवस, 8 तास धरले तर 105.77. एकाच माणसाचे तीन दर!

नेटवर शोधलं तर अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा खास मशिनरी होलसेलचा तासाच्या मोबदल्याचा निर्देशांक सापडला. आपल्याकडे काय बघायचं? आणि कोणता दर खरा? शिवाय जूनमध्ये 20,500 चे 22,000 केले म्हणून ईएसआयची (कामगार विम्याची) कपात थांबवली, ते बरोबर ना?

प्रतिसाद – खतावणी

तिन्हींची कामं वेगळी, सासऱ्यांचा दर सोडून. तो कशालाच लागू नाही. 😀

ओव्हरटाइमला 105.77 धरा. सहा दिवस आठ तास म्हणजे आठवड्याचे 48 तिथेच भरले, पुढचा प्रत्येक तास दुप्पट दराने. तुमचे जादा तास 52, दर 211.54, म्हणजे महिन्याला 11,000. अर्धा पगार झाला. आणि तिमाहीला 156 जादा तास कायद्यात बसतच नाहीत, दुसरा फिटर बघा.

वर्षावर्षाची तुलना मात्र डायरीच्या तासांनीच. अमेरिकेच्या त्या निर्देशांकातही प्रत्यक्ष काम केलेले तास धरतात आणि पगारासोबत मालकाने भरलेलं सगळं. तुम्हीही पीएफचे 1,800, दिवाळीचा पगार आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळवा, मग तासाचा खर्च निघेल. गिऱ्हाइकाला मशीन बसवायचा दर त्यावरून सांगा.

आपल्याकडे कारखान्यांची वार्षिक पाहणी होते, तिच्यात घाऊक दुकानं येत नाहीत. किमान वेतनाचा विशेष भत्ता (महागाईनुसार हलणारा भाग) जानेवारी-जुलैला बदलतो, तो बघत चला. महागाई वजा करायला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या. 2019 चे आकडे 2001 पायाचे (म्हणजे 2001 ची पातळी 100 धरून काढलेले) आहेत, ते 2.88 ने भागल्याशिवाय आजच्याशी जुळणार नाहीत. इथेच भलेभले आपटतात.

प्रतिसाद – पाना बारा-तेरा

ईएसआयचं चुकलं, ताई. पगाराची मर्यादा महिना 21,000 ची आहे, पण एप्रिल-सप्टेंबर या वर्गणीच्या सहामाहीत मध्येच ओलांडली तर सप्टेंबरअखेर वर्गणी भरायचीच. ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत, वर्गणी मात्र त्याच्यावरही लागते. मिस्त्रींना विचारा, ईएसआयचं कार्ड गेलं म्हणून घरात कुणाचं औषध अडलंय का.

धागाकर्ती

विचारलं. काकूंच्या शुगरच्या गोळ्या दोन महिने बाहेरून घेतायत. बोलले नव्हते.

ईएसआयचं उद्याच भरते. 11,000 चा कागद सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलाय, अजून बोलत नाहीयेत. एक राहिलं: टेम्पोत मशीनबरोबर बसून गेलेला वेळ डायरीत नाही. तो धरायचा ना? मिस्त्री डायरी परत मागतायत, त्याआधी झेरॉक्स काढून ठेवते.