खेळाडूंच्या दुखापती आणि रोजच्या नोंदी : उपयोग की नुसता ताप?

साइडलाइनवाली
गेली चार वर्षं १४ ते १७ वयाच्या मुलींची फुटबॉल टीम सांभाळतेय, हौस म्हणून, पगार वगैरे नाही. दोन सीझनपूर्वी एक अ‍ॅप आमच्या गळ्यात पडलं. मुलींनी रोज सकाळी भरायचं, झोप किती झाली, अंग किती दुखतंय, मूड कसाय, आणि सरावानंतर आजचा सराव ० ते १० मध्ये किती जड गेला. तो आकडा गुणिले मिनिटं म्हणजे त्या दिवसाचा लोड. मग मला प्रत्येकीच्या नावापुढे हिरवा, पिवळा, लाल ठिपका दिसणार.

या सीझनला दोघींचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, गेला. दोघीही त्या दिवशी हिरव्या होत्या, अगदी पोपटासारख्या हिरव्या. एकीला तर कोणी हातसुद्धा लावला नव्हता, वळायला गेली आणि खाली बसली ती बसलीच.

माझं मत असं झालंय की हे ठिपके बघत बसण्यात माझा रोजचा अर्धा तास जातो तो वॉर्मअपला दिला तर जास्त पोरी वाचतील. फिफाचा ११ प्लस वॉर्मअप आहे ना, २० मिनिटांचा, उड्या, एका पायावरचा तोल, नॉर्डिक (गुडघ्यांवर बसून हळूहळू पुढे झुकायचा मांडीमागचा व्यायाम) वगैरे, त्याचा २००८ साली नॉर्वेत याच वयाच्या मुलींवर मोठा अभ्यास झालाय, १८०० च्या वर खेळाडू होत्या. एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर. ठिपक्यांनी असं काही केल्याचं मला तरी कोणी दाखवलेलं नाही. पुढच्या सीझनला अ‍ॅप बंद करायचा विचार आहे. बोला.

फिजिओ_मोड_ऑन
प्रचंड असहमत, आणि जरा रागानेच लिहितोय. एसीएल ही एका क्षणात होणारी गोष्ट आहे, बहुतेक वेळा उडी मारून उतरताना नाहीतर धावता धावता दिशा बदलताना, गुडघा आत वळतो आणि संपलं. सकाळी झोप किती झाली विचारून ते कळणार नाहीच. थर्मामीटर लावून मोडलेलं हाड शोधायला गेलात आणि आता थर्मामीटरच फेकून देताय.

नोंदी लागतात त्या हळूहळू येणाऱ्या दुखण्यांसाठी. नडगी, टाच, गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, पाठ. यात खेळाडू खेळत राहतो म्हणून तो 'जखमी' यादीत कधी येतच नाही. किती मॅचेस बुडाल्या एवढंच मोजलं तर ही दुखणी दिसतच नाहीत, म्हणून तर ऑस्लोच्या क्रीडा-दुखापतींच्या संशोधकांनी चार प्रश्नांचा फॉर्म काढला, दुखण्यामुळे भाग घेता आला का, सराव कमी करावा लागला का, कामगिरीवर परिणाम झाला का, दुखलं किती. आठवड्यातून एकदा. तुमच्या अ‍ॅपमध्ये मूड विचारतात आणि हे विचारत नाहीत, हा दोष नोंदीचा की अ‍ॅपचा?

आकडेमोड
साइडलाइनवाली यांच्याशी सहमत, कारण वेगळं. माझा धंदाच आकड्यांचा आहे आणि या क्षेत्रात आकड्यांच्या नावाखाली जे खपवलं जातं ते बघून हसू येतं. अ‍ॅपवाल्यांचं गणित असं, गेल्या ७ दिवसांचा लोड भागिले २८ दिवसांची दर आठवड्याची सरासरी, उत्तर ०.८ ते १.३ मध्ये असेल तर मजेत, १.५ च्या वर गेलं की धोका. ऐकायला किती शास्त्रीय वाटतं! पण भागाकार बघा ना, तेच ७ दिवस वर पण आहेत आणि खालच्या २८ मध्ये पण. नंतर यावर भरपूर टीका झाली, तरी अ‍ॅपवाले अजून तेच विकतायत.

आणि नॉर्वेचेच क्रीडा-दुखापतींचे संशोधक रोआल्ड बार यांनी २०१६ साली स्पष्ट लिहिलंय की चाचण्या घेऊन कोणाला दुखापत होणार हे आधी ओळखता येत नाही. मांडीची ताकद कमी असलेल्यांना धोका थोडा जास्त असतो, खरंय, पण दुखापत झालेले आणि न झालेले यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की रेघ कुठेही मारा, निम्मे चुकीच्या बाजूला जातात.

युरोपातल्या मोठ्या क्लबांचं घ्या. युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, दुखापतींवरचा अभ्यास २००१ पासून चालू आहे. या क्लबांकडे जीपीएस जॅकेट, डॉक्टर, सगळं आहे. तरी एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचा, वाटा १२ टक्के होता तो २०२१-२२ पर्यंत २४ टक्के झाला. मोजून काय मिळवलं मग?

फिजिओ_मोड_ऑन
@आकडेमोड, वाटा दुप्पट झाला म्हणजे मोजणं फुकट गेलं असं कसं? खेळ किती वेगवान झालाय, मॅचेस किती वाढल्यात. आणि हॅमस्ट्रिंग वाढतंय हे तुम्हाला कळलं ते कोणीतरी २० वर्षं चिकाटीने मोजत बसलं म्हणूनच ना? नॉर्डिक व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्या होतात हे माहीत असूनही बरेच क्लब तो नीट करून घेत नाहीत. औषध कपाटात ठेवून ताप उतरत नाही म्हणायचं.

बाईंनी दिलेल्या अभ्यासाचंच सांगतो. ज्या टीमने वॉर्मअप जास्त नियमित केला तिथे दुखापती अजून कमी होत्या. कोणी किती वेळा केला हे लिहून ठेवलं होतं म्हणून हे कळलं. मोजणं बंद केलं तर तुमचा वॉर्मअप चालतोय की नाही हे पण कळायचं नाही.

जुना_पेसर
वाचून करमणूक झाली. आम्ही दिवसभर बॉलिंग करायचो, संध्याकाळी बर्फ लावायचो, दुसऱ्या दिवशी परत. सिराजने २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचही टेस्ट खेळून १८५ च्या वर ओव्हर्स टाकल्या आणि शेवटची मॅच जिंकून दिली. कुठे होता लोड? बॉलर बॉलिंग करूनच तयार होतो.

आकडेमोड
@जुना_पेसर, माझी बाजू घेताय पण कृपया घेऊ नका 😄 सिराज दिसतो कारण तो टिकला. तुमच्या बरोबरीचे जे १९ व्या वर्षी पाठ धरून घरी बसले ते इथे प्रतिसाद द्यायला आलेले नाहीत.

फिजिओ_मोड_ऑन
शिवाय त्याच मालिकेत बुमरा तीनच टेस्ट खेळला, कारण २०२३ मध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झालेली आहे. दोघांना एकच माप लावून कसं चालेल? आणि ऑस्ट्रेलियातल्या फास्ट बॉलर्सवर २००९ मध्ये आलेल्या अभ्यासात एक गंमत आहे, एका मॅचमध्ये ५० च्या वर ओव्हर्स टाकणाऱ्यांना धोका वाढलेला दिसला तो लगेचपुरता नाही, उशिराने, पुढच्या २१ ते २८ दिवसांपर्यंत. तोवर बॉलर ती मॅच विसरलेला असतो, त्याला वाटतं काल जिममध्ये काहीतरी चुकलं. वही विसरत नाही.

जुना_पेसर
हे २८ दिवसांचं माहीत नव्हतं. माझं पण साधारण महिन्याने झालं होतं. असो.

बॅगवाला_बाबा
मी फक्त किटबॅग उचलणारा बाप, पण एक विचारतो. मुलगी शाळेकडून खेळते, क्लबकडून खेळते आणि शनिवारी आणखी एका अकॅडमीत जाते. तिघांकडे तीन वेगळ्या शीट आहेत आणि तिन्हीवर ती आरामात आहे. बेरीज कोणाकडेच नाही. शेवटी मी फ्रिजवर कागद लावला तेव्हा कळलं की पोरगी १९ दिवस एकही सुट्टी न घेता पळतेय. आमच्या घरात तरी अ‍ॅपपेक्षा तो कागद कामी आला.

नडगी_दुखरी
बराच वेळ वाचतेय, लिहू की नको करत होते. मी धावते, ८०० आणि १५००. दोन वर्षं असाच फॉर्म भरायचे आणि शेवटचे तीन महिने रोज खोटं भरत होते. नडगीत एकाच जागी दुखायचं, बोट ठेवलं की कळवळायचे, रात्री पण दुखायचं, आणि सकाळी फॉर्मवर दुखणं १० पैकी १. कारण फॉर्म सर वाचायचे आणि टीम पण सरच निवडायचे. आमच्यातल्या एका मुलीने खरं ६ लिहिलं होतं, तिला 'विश्रांती' दिली आणि रिलेत दुसरी आली, ती परत कधी आत आलीच नाही. त्यानंतर आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या एकदम ठणठणीत झाल्या. मला शेवटी स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, सीझन गेला.

सर वाईट नव्हते. पण तुम्ही सगळे भागाकार बरोबर की चूक यावर भांडताय, वर जो आकडा टाकलाय तोच खोटा असला तर?

साइडलाइनवाली
@नडगी_दुखरी, तुझा प्रतिसाद वाचून मी अ‍ॅप उघडून मागचे सहा महिने परत बघितले. निवड असायची त्या आठवड्यात माझ्या टीममध्ये कोणाचं काहीही दुखत नाही. एकीचंही नाही! निवड झाली की सोमवारपासून परत पोटऱ्या, गुडघे, सगळं सुरू. समोर होतं आणि मी ठिपक्यांचे रंग बघत होते.

एसीएलबद्दल माझं मत तेच आहे, त्याला वॉर्मअपच. पण हळूहळू येणाऱ्या दुखण्यांबद्दल फिजिओदादा म्हणतात ते पटलं. मूड-झोप बंद करते, आठवड्यातून एकदा ते चार प्रश्न, आणि उत्तरं मला न येता आमच्याकडे येणाऱ्या फिजिओताईंकडे जातील. वॉर्मअपला कोण होतं कोण नव्हतं ते मी लिहीन.

जुना_पेसर
आणि फायनलच्या आदल्या दिवशी तुमच्या ताईंना कळलं की स्ट्रायकरची नडगी गेलीये, तर त्या तुम्हाला सांगणार की गप्प बसणार? सांगितलं तर पुढच्या वेळेपासून परत सगळ्या ठणठणीत.

नडगी_दुखरी
फॉर्ममध्ये पाचवा प्रश्न टाका, 'हे कोचला सांगितलं तर चालेल का'. मी तेव्हा नाही वर टिक केलं असतं. पण निदान वरचा आकडा तरी खरा लिहिला असता, आणि कोणीतरी मला एक्सरेला पाठवलं असतं.

बॅगवाला_बाबा
१४ वर्षांच्या मुलीने नाही वर टिक केलं तर घरी तरी कळणार का?

साइडलाइनवाली
हे मला पण सुचत नाहीये. शनिवारी सरावानंतर पालकांना थांबवते आणि मुलींसमोरच विचारते.