मदत हवी आहे: बालवाडीतल्या मुलांची वाचनाची तयारी कशी तपासावी?

नमस्कार ताई-दादा,
मी चार-पाच वर्षांच्या मुलांना शिकवते. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात या वयाला परीक्षा नको, निरीक्षण करा, असं म्हटलंय आणि मला ते मनापासून पटतं. पुस्तक सुलटं धरणं, चित्रावरून गोष्ट सांगणं हे खेळताखेळता कळतं. अडतं ते आवाजांपाशी. टाळ्या वाजवत 'क-म-ळ' बहुतेक मुलं तोडतात. पण 'कमळ' आणि 'काकडी' यांच्या सुरुवातीला सारखं काय, असं विचारलं की गप्प. आपण मुलांना अख्खी अक्षरंच शिकवतो, मग सुटं व्यंजन (इथे 'क्') ओळखणं या वयात अपेक्षित धरावं का? शिवाय घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना फक्त प्रमाण मराठी शब्दांवर जोखणं अन्यायाचं वाटतं. तुम्ही कोणते खेळ घेता? नोंदींचा नमुना असेल तर कृपया टाका.