बाळाचे जुने कपडे आणि डांबरगोळ्या
बाळाच्या दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांच्या धोक्याबद्दल बरंच बोललं जातं, ते पटतंच. पण आपल्या घरातला एक धोका राहून जातो: डांबरगोळ्या. तान्ह्या बाळाला जुने, मऊ कपडे घालायची आपली पद्धत छानच आहे. मात्र थोरल्या भावंडाची झबली-टोपरी, आजीच्या लुगड्याची दुपटी बऱ्याचदा ट्रंकेत वर्षानुवर्षं या गोळ्यांसोबत पडलेली असतात. अनेक गोळ्या नॅप्थलीन या रसायनाच्या असतात. त्याची वाफ कापडात मुरते आणि श्वासातून, त्वचेतून बाळाच्या अंगात जाते. तेल लावलेल्या अंगात तर जास्तच.

ज्या बाळांमध्ये जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी यामुळे फुटतात. त्यातून कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला कायमची इजा होते. ही कमतरता मुलग्यांमध्ये जास्त दिसते आणि बाळाकडे नुसतं बघून कळत नाही.

म्हणून बाळंतपणाच्या आधीच ट्रंक उघडा, कपडे धुऊन कडक उन्हात चांगले वाळवा. तरीही वास आलाच, तर ते बाळाला घालूच नका, कितीही जीव गुंतलेला असला तरी. आणि बाळ पिवळं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांतले कपडे घातले होते हे त्यांना आवर्जून सांगा, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही.