मदत हवी आहे: नाशिकहून डहाणू-वसई किनारा सायकलने, वडील सोबत (वय ६४)

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत मी आणि बाबा सायकलने समुद्राकाठी उतरायचं म्हणतोय. १७३७ ते १७३९ च्या, मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध काढलेल्या वसई मोहिमेतले किल्ले एकामागून एक बघत किनाऱ्याने जायचं, असा बेत आहे.

कारण सांगते. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. वसईचा धडा आला की मुलांना पंचवटीत नारोशंकराच्या देवळाशी न्यायचे. तिथली पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयानंतर इकडे आली, तिच्यावर १७२१ साल आहे, हे नाशिककरांना सांगायला नको. पण ती जिथून आली तो मुलूख बाबांनी कधी पाहिलेला नाही. तारापूर तर त्यांना पाहायचंच आहे. मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले, आणि हे शिकवताना बाबांचा आवाज बदलायचा.

आता अडचणी. बाबा रोज सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतात, तब्येत ठणठणीत आहे, पण सामान लावून सलग काही दिवस त्यांनी सायकल चालवलेली नाही. त्यांची हायब्रिड आहे, ३२ मिमी रुंदीचे टायर. माझी रोडबाईक, २५ चे. दिवसाला ६०-७० किलोमीटरच्या वर मला त्यांना न्यायचं नाही, कारण किल्ल्यावर पोचल्यावर पायात जीव उरला पाहिजे. नुसता फोटो काढून पुढे पळायचं असेल तर आम्ही गाडीनेच गेलो असतो.

मनात असं आहे की कसारा घाट उतरून आधी वसई गाठावी आणि मग अर्नाळा, केळवे, शिरगाव, तारापूर करत डहाणूला संपवावं. हे बरोबर आहे का? वैतरणेची खाडी सायकलसकट कशी ओलांडतात? तारापूरच्या किल्ल्यात आत जाऊ देतात का? रस्ता नकाशावर दिसतो, पण चौसष्टीच्या माणसाला तो कसा पडेल हे त्या वाटेने गेलेलाच सांगू शकेल, म्हणून विचारते आहे.

त्र्यंबकरोड:
बेत फार आवडला. फक्त दिशा उलटी करा. डहाणूहून वसईकडे या.

कारण वारा. जानेवारीत किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून हलका वारा असतो. दुपारी समुद्रावरचा सुरू होतो तो वायव्येचा. वसईहून उत्तरेला निघालात तर दुपारभर तो तोंडावर घ्याल. सपाट रस्त्यावरचा समोरचा वारा घाटापेक्षा वाईट, घाट निदान संपतो. दक्षिणेला येताना तोच वारा पाठीशी आणि उजव्या खांद्यावर राहील.

उतरायला कसारा नको, त्र्यंबक-मोखाडा-जव्हार धरा. नाशिक ते जव्हार साधारण ८० किलोमीटर. जव्हार साडेचारशे मीटरवर आहे, म्हणजे हिशोबाने उतार. पण तोरंगण घाटानंतर रस्ता सारखा वरखाली होतो आणि तेच पाय खातं. ८० तुमच्या मर्यादेबाहेर जातात, तर आदल्या संध्याकाळी त्र्यंबकला मुक्कामाला जा, दुसऱ्या दिवशी जव्हार. जव्हारला वेळ उरला तर शिरपामाळ बघा. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथे होता, बाबांना आवडेल. पुढे कासा-चारोटीमार्गे डहाणू, बहुतेक उतरण. चारोटीला अहमदाबाद हायवे फक्त ओलांडायचा, त्यावर एक किलोमीटरही चालवायचं नाही.

तुमच्या सायकलला २८ चे टायर बसत असतील तर ते टाका. मोखाड्याच्या बाजूला पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडा तुटलेल्या असतात. बाबांच्या मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाला, किती दात आहेत? ३२ किंवा ३४ चं मोठं चक्र असलं तर सामानासकट ते बसूनच चढतील. आणि सामान पाठीवर नको, कॅरियरवर. पाठीवरच्या वजनाने दुसऱ्या दिवशी मान धरते.

केळवेकर:
ताई, आमच्या किनाऱ्यावर स्वागत. मी इथलाच, रोज ह्याच रस्त्याने सायकलवर असतो.

डहाणूहून चिंचणी-तारापूर सकाळी लवकर करा, अंतर थोडं आहे. तारापूरचा किल्ला खाजगी मालकीत आहे, आत वाडी आहे. दारातून थेट आत शिरू नका. सायकल बाहेर टेकवा, तिथे जो असेल त्याला रीतसर विचारा. सर शिक्षक आहेत आणि बाजी भिवरावांसाठी आलेत हे सांगा. तट अजून चांगला उभा आहे, बाहेरून फेरी मारलीत तरी वेढा कसा पडला असेल ते कळतं.

तारापूरच्या खाली किनाऱ्याने येता येणार नाही, मध्ये अणुऊर्जा केंद्र आहे. आत वळून पास्थळ, बोईसर, मग पालघर. हा तुकडा सगळ्यात कंटाळवाणा आणि जपून करायचा. एमआयडीसीचे ट्रक आहेत. शिफ्ट सुटायच्या वेळा टाळा आणि दिवसाही मागचा दिवा चालू ठेवा.

पालघरहून शिरगावला उतरलात की परत समुद्र. शिरगावचा किल्ला छोटा पण देखणा, बुरूज शाबूत. सरांना तिथे बसू द्या थोडं. मग माहीम (आमचं, मुंबईचं नव्हे) आणि केळवे. पानवेलीच्या आणि नारळाच्या वाड्यांतून रस्ता आहे, तिथे वेग आपोआप कमी होतो. केळव्याला सुरूच्या बनात, वाळूत एक लहानसा कोट आहे, आणि खाडीत पाणकोट, म्हणजे पाण्यातला किल्ला. पाणकोटापर्यंत ओहोटीला चालत जातात, पण चिखल घोट्याच्या वर येतो आणि भरती कधी फिरते ते नवख्याला समजत नाही. सरांना तो काठावरूनच दाखवा.

मुक्काम केळव्यालाच करा, घरगुती सोय भरपूर आहे. मात्र शनिवार-रविवार येऊ नका, मुंबईची गर्दी असते.

गोदाकाठची:
केळवेकर दादा, किती आपुलकीने लिहिलंत! बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही सगळी ठाणी १७३९ च्या जानेवारीतच मराठ्यांकडे आली, म्हणजे आपण त्याच महिन्यात त्याच वाटेवर असू. शिवाय वसई शेवटी येते, जशी मोहिमेत आली. त्यामुळे त्र्यंबकरोड यांची दिशा पक्की. कॅसेट ११-३४ आहे, बघून आले. माझे टायर बदलते.

आता खाडी आणि अर्नाळा.

बंदर दरवाजा:
मी वसईचा. खाडीचं आता सोपं झालंय. सफाळ्याजवळच्या जलसारहून विरारच्या मारंबळपाड्याला २०२५ पासून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, आहे. गाड्या जातात तशा सायकलीही चढवता येतात. पूर्वी हायवेला जाऊन मोठा वळसा पडायचा, तो वाचतो. आदल्या दिवशी फेऱ्यांच्या वेळा विचारून घ्या, केळव्याहून सकाळी निघून आरामात पोचाल.

मारंबळपाड्याहून अर्नाळा जवळ. किल्ला बेटावर आहे, गावातून होडी मिळते, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. सायकली गावातच कुणाच्या अंगणात ठेवा, होडीत चढवायचा आटापिटा करू नका. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत आणि मराठी शिलालेख आहे. पाश्चात्यांना मारून समुद्रात जंजिरा बांधायची बाजीरावांची आज्ञा त्यात आहे. तो सरांकडून मोठ्याने वाचून घ्या. अर्नाळा १७३७ च्या मार्चमध्येच घेतला होता. वसईला समुद्राकडून रसद मिळते ती तोडायची तर हे बेट हातात हवं होतं. तिथे उभं राहून खाडीकडे पाहिलंत की हे नकाशाशिवाय समजतं.

वसईच्या किल्ल्याला मात्र अख्खा अर्धा दिवस द्या, ही कळकळीची विनंती. बहुतेक लोक चर्चच्या पडक्या भिंतींसमोर फोटो काढून जातात. वेढा फेब्रुवारी ते मे १७३९ चालला. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, म्हणून सगळा जोर जमिनीच्या बाजूला, सान सेबॅस्तियन बुरुजावर. चिमाजी अप्पांच्या लोकांनी माऱ्याखाली जमिनीतून सुरुंग नेले. काही उशिरा उडाले आणि त्यात आपलीच माणसं गेली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे इथेच होते. शेवटी तट फुटला, तेव्हा पोर्तुगीजांनी बोलणी केली आणि त्यांना शस्त्रांसह, मानाने बाहेर जाऊ दिलं. आधी भुई दरवाजाकडून, मग समुद्राकडून अशी दोन्ही अंगांनी फेरी मारा. आतले रस्ते सायकल चालवण्याजोगे आहेत, पण कडेला काटे फार, जादा ट्यूब जवळ ठेवा.

गंगाजी नाईक अणजूरकरांचं नाव सरांना माहीत असेलच. भिवंडीजवळच्या अणजूरच्या ह्या घराण्याने पोर्तुगीज मुलखातल्या लोकांना जोडून दिलं नसतं तर पुण्याहून फौज येऊन काही साधलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

गोदाकाठची:
बाबा म्हणाले, "ह्यांचा पत्ता विचार." भेटायला आवडेल त्यांना.

शेवटचा प्रश्न परतीचा. तेवढ्या दिवसांनंतर बाबांना पुन्हा घाट चढवावा का?

त्र्यंबकरोड:
दोन पर्याय देतो, निवड बाबांच्या पायांवर सोडा.

पहिला: वसईहून वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांच्या नवसाचं देऊळ, तटबंदीसारखं प्रवेशद्वार, आणि शेजारी अकलोलीला गरम पाण्याची कुंडं. मोहिमेचा शेवट म्हणून हेच ठिकाण योग्य. तिथे मुक्काम करून अंबाडी-वाड्याहून परळी-खोडाळामार्गे घोटीला चढायचं. रहदारी कमी, झाडी सुंदर, पण चढ सलग आहेत आणि वाटेत खायला फारसं मिळत नाही. हा तुकडा दोन दिवसांत तोडा.

दुसरा: वसई रोडहून दिव्याची मेमू, तिथून कल्याण, कल्याणहून कसारा लोकल. सायकली लगेजच्या डब्यात, गर्दीच्या वेळा सोडून. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत सुमारे ३०० मीटर चढ आहे, पुढे नाशिकपर्यंत मोकळा रस्ता. घाटात पहाटे ट्रक कमी असतात, पण अंधारात निघू नका. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, कुणी सुचवलं तरी तिकडे जाऊ नका.

एक सायकलचं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन आणि ब्रेक धुऊन, पुसून, तेल द्या. खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते आणि मग घाटात ऐन वेळी गिअर अडतो.

गोदाकाठची:
ठरलं. त्र्यंबक, जव्हार, डहाणू, केळवे, वसई असे मुक्काम. वसईला दोन रात्री. वज्रेश्वरी नक्की, तिथून पुढे वाडा की कसारा ते बाबा तिथेच ठरवतील. निघायचा वार सोमवार ठेवतेय, म्हणजे केळवे गुरुवारी येतं, गर्दी नाही.

केळवेकर दादा, तुमच्या ओळखीतलं घरगुती मुक्कामाचं ठिकाण असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? बाबांना तळमजल्यावरची खोली हवी, आणि सायकली रात्री आत ठेवता आल्या पाहिजेत.

केळवेकर:
व्यनि केलाय ताई. खोली तळमजल्याचीच आहे, सायकली ओटीवर राहतील. जेवणात मासे चालतात का तेवढं कळवा, आणि पालघर सोडलंत की फोन करा, शिरगावपर्यंत मी सायकल घेऊन सामोरा येतो.