ताशाच्या काडीवरून ड्रमच्या स्टिककडे: जोडी कोणती, पकड कशी आणि पुढे काय?

काडीवाला_पुणे यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी गेली अकरा वर्षे पुण्यातील एका पथकात ताशा वाजवतो. वय ३६ आहे, नोकरी बैठी आहे आणि गणपती झाले की पुढचे नऊ-दहा महिने हात नुसते शिवशिवत राहतात, म्हणून यंदा विसर्जनानंतर ड्रम शिकण्याचे मनावर घेतले आहे. शिक्षक अद्याप ठरलेला नाही. उत्साहाच्या भरात एका दुकानातून स्टिकची जोडी आणि रबरी सरावपॅड घेऊन आलो. "ताशेवाले आहात, तुम्हाला जाडच लागणार," असे म्हणून दुकानदाराने २बी क्रमांकाची जोडी हातात दिली. दोन आठवडे रोज तासभर वाजवल्यावर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले आणि तर्जनीवर फोड आला. मिरवणुकीत पाच-पाच तास ताशा वाजवूनही मला असा त्रास कधी झाला नव्हता.

माझ्या शंका अशा आहेत. ही जोडी बदलावी की माझी पकडच चुकते आहे? ताशाचा तयार हात ड्रमवर उपयोगी पडतो की तो आधी विसरावा लागतो? रॉक, जॅझ, फंक असे निरनिराळे प्रकार वाजवायचे झाल्यास प्रत्येकासाठी वेगळे शिकावे लागते, की एकदा हात बसला की सगळे त्याच हाताने होते? मी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे खरा ड्रमसेट घरी आणणे सध्या शक्य नाही, हेही लक्षात घ्यावे.

ठाण्याचा_ड्रममास्तर यांचे उत्तर

दादा, जोडीही बदला आणि पकडही. दुकानदाराने सांगितलेले कारण नेमके उलटे आहे. ताशाची काडी बारीक आणि लवचीक असते; ती स्वतः वाकते आणि त्या वाकण्यातूनच पुढचा ठोका निघतो. ड्रमची स्टिक वाकत नाही. तिला परत वर आणण्याचे काम पडद्याच्या उसळीने करायचे असते, आणि ती उसळी तुम्ही मुठीत दाबून टाकली की तिचा सगळा धक्का अंगठ्याच्या मुळाशी जाऊन बसतो. बारीक काडीची सवय असलेल्या हातात एकदम इतके जाड लाकूड आले, की हात ते घट्ट धरणारच.

क्रमांकांविषयी थोडे सांगतो, कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आकडा जितका मोठा तितकी स्टिक बारीक. ७ए साधारण १३.७ मिलिमीटर जाडीची आणि साडेपंधरा इंच लांबीची असते, ५ए साधारण १४.४ मिलिमीटरची आणि १६ इंचांची, तर तुमची २बी जवळपास १६ मिलिमीटरची. कंपनीगणिक यात थोडाफार फरक पडतो. अक्षरे अमेरिकेतील जुन्या वर्गवारीतून आली आहेत: ए ऑर्केस्ट्रासाठी, बी बँडसाठी आणि एस रस्त्यावरच्या संचलनासाठी. आपण ५ए घ्या. ती सर्वोत्तम आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही, पण ती मधली असल्यामुळे सहा महिन्यांनी आपल्याला बारीक हवी की जाड, हे आपला हातच सांगेल. लाकूड हिकरीचे असावे, कारण ते धक्का बऱ्यापैकी पचवते. मेपल हलके असते आणि ओक जड. टोक लाकडी की नायलॉनचे, हा प्रश्न पॅडवर गौण आहे. सिंबलवर, म्हणजे सेटमधल्या झांजेवर, नायलॉनचा आवाज अधिक टोकदार येतो, एवढे आज पुरे.

दुकानात जोडी पारखून घ्या. काउंटरच्या काचेवर प्रत्येक स्टिक आडवी लोळवून पाहा. जी डुगडुगत जाते ती वाकडी आहे. मग दोन्ही एकेक करून दोन बोटांत सैल धरा, कानाजवळ हलकेच टिचकी मारा आणि दोघींचा सूर जुळतो का ते ऐका. सूर वेगळा लागला तर लाकडाचे वजन वेगळे आहे असे समजावे, आणि तशी जोडी घरी आणली तर दोन हातांचे ठोके कधीच सारखे वाटणार नाहीत. दुकानदार कंटाळतो, त्याला कंटाळू द्यावे.

आता पकड. ड्रममध्ये जिला टेकू म्हणता येईल अशी एक जागा स्टिकवर असते आणि ती प्रत्येकाला स्वतः शोधावी लागते. जाड टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठ्याचे पेर आणि तर्जनीचा पहिला सांधा यांमध्ये स्टिक धरा, बाकीची तीन बोटे उघडी ठेवा, टोक पॅडच्या अर्धा फूट वर न्या आणि सोडून द्या. उसळ्या मोजा. पकड अर्धा इंच मागे घेऊन पुन्हा मोजा, मग पुढे घेऊन मोजा. जिथे सर्वाधिक उसळ्या येतील ती आपली जागा. त्यानंतर उरलेली तीन बोटे स्टिकला नुसती लागू द्या. ती दाबण्यासाठी नसून परत आलेल्या स्टिकला वेळेवर हलका धक्का देण्यासाठी आहेत. तळहात जमिनीकडे असेल तर त्या पकडीला जर्मन म्हणतात, अंगठे आकाशाकडे असतील तर फ्रेंच आणि या दोहोंच्या मधली ती अमेरिकन. जर्मनमध्ये मनगट अधिक चालते, फ्रेंचमध्ये बोटे. सुरुवात मधल्या पकडीने करा आणि फोड भरेपर्यंत वाजवू नका.

मडगावचा_बँडवाला यांचे उत्तर

मास्तरांशी मी बहुतेक ठिकाणी सहमत आहे, एका ठिकाणी नाही. त्यांनी दोन्ही हातांची सारखी पकड सांगितली आणि पारंपरिक पकडीचा उल्लेखही केला नाही. फौजेतला ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याने कंबरेशी तिरका लटकत असे. त्या तिरक्या पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी डावी स्टिक अंगठ्याच्या बेचक्यात ठेवून अनामिकेवर टेकवण्याची पद्धत पडली. पुढे ड्रम स्टँडवर सरळ झाला तरी जॅझवाल्यांनी ती पकड सोडली नाही. आपण ताशा गळ्यात अडकवून वाजवणारे असल्यामुळे आपल्याला ती समजायला फार वेळ लागणार नाही, असे मला वाटते.

मी तीस वर्षे लग्नांत आणि चर्चच्या फेस्तांना वाजवले आहे. माझा अनुभव असा की पारंपरिक पकडीतला डावा हात जोर करू शकत नाही, आणि त्याचा फायदाच अधिक होतो, कारण हळू वाजवणे त्याला आपोआप येते. तारांचा ब्रश घेऊन स्नेअरच्या, म्हणजे सेटमधल्या छोट्या मुख्य ड्रमच्या, पडद्यावर गोल फिरवताना तर तो हात अगदी स्वाभाविक वाटतो.

प्रकारांविषयी विचारलेत म्हणून थोडे मागचे सांगतो. आपल्याकडच्या वरातीच्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवतो, छोटा ड्रम दुसरा आणि झांजा तिसरा. जॅझचे माहेर असलेल्या अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्येही आरंभी असेच होते. ती तीन माणसांची कामे एका खुर्चीवर आली ती पायाच्या पेडलमुळे. अमेरिकेतील ड्रम बनवणाऱ्या लुडविग बंधूंचे चांगले चालणारे पेडल १९०९ चे. त्यामुळे ड्रमसेट हे एक वाद्य नसून एका माणसाच्या अंगात बसवलेला बँड आहे, आणि त्या बँडमधला कोण पुढे येणार आणि कोण मागे राहणार, यावरून प्रकार ठरतो. १९३० च्या दशकात जॅझ ड्रमर जो जोन्स यांनी ठेका हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, आणला, नंतर जॅझ ड्रमर केनी क्लार्क यांनी तो राइड सिंबल या मोठ्या झांजेवर नेला आणि बेस ड्रमला, म्हणजे पेडलने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला, चारही मात्रा मोजत बसण्यातून मोकळे केले. आजही जॅझमध्ये राइड सर्वांत पुढे असतो, पायाने मिटणारी हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते, आणि बेस ड्रम वाजवलाच तर इतका अलगद की तो बंद झाल्यावरच कळावे की आतापर्यंत वाजत होता. रॉकमध्ये हाच क्रम उलटतो. बेस आणि स्नेअर पुढे, सिंबल मागे. हात तेच, ठोकेही पुष्कळदा तेच. आवाजाची वाटणी बदलते. रॉक वाजवणारा जॅझला बसला की पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. तो चुकत नसतो, पण त्याचा पाय फार बोलतो.

तबल्यातून_ड्रमकडे यांचे उत्तर

मी नाशिकची. तबल्याच्या सहा परीक्षा झाल्यानंतर चाळिशीत ड्रम शिकायला घेतला, त्यामुळे काडीवाला दादांच्या दुसऱ्या शंकेवर थोड्या अधिकाराने बोलू शकते. तयार हात विसरावा लागत नाही. आवर्तन डोक्यात फिरत राहणे, दुगुन-चौगुन करताना लय न सुटणे, हे सगळे सोबत येते. जे विसरावे लागते ते समेचे, म्हणजे आवर्तनातल्या पहिल्या मात्रेचे, वजन.

आपल्याकडे अंग समेकडे झुकते. पथकात तर पहिल्या ठोक्यावर पन्नास ढोल एकत्र कोसळतात, त्यामुळे तुमचे शरीर एकावर भार टाकायला शिकलेले असणार. रॉक आणि फंकमध्ये स्नेअरचा जोरकस ठोका दोन आणि चारवर पडतो. मी पहिल्यांदा काही हौशी मंडळींबरोबर वाजवायला बसले तेव्हा प्रत्येक समेवर क्रॅश सिंबल, म्हणजे जोरात झणझणणारी झांज, मारत होते. तिसऱ्या आवर्तनाला गिटारवाल्याने वादन थांबवून अत्यंत नम्रपणे विचारले की, गाणे संपले का. रेगे या जमैकाच्या संगीतातला वन ड्रॉप नावाचा ठेका शिकताना तर मी अक्षरशः बावरले होते, कारण त्यात चारपैकी पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि बेस ड्रम व स्नेअर दोन्ही तिसऱ्या मात्रेवर एकत्र येतात. समच रिकामी! पंधरा दिवस मी फक्त टाळी देत तो ठेका ऐकला, मगच स्टिक हातात घेतली.

जॅझचा स्विंग मात्र आपल्याला लवकर कळतो. एका मात्रेचे तीन भाग करून मधला गाळायचा, म्हणजे पहिला आणि तिसरा उरतो. तिस्र जातीची सवय असेल तर हे सांगावेही लागत नाही. सरावासाठी पॅराडिडल घ्या: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आठ ठोके, म्हणजे केरव्याचे एक आवर्तन. प्रत्येक चारातला पहिला ठोका मोठा आणि बाकीचे तीन पॅडपासून इंचभर उंचीवरून अगदी बारीक वाजवा. फंकमध्ये स्नेअरच्या मोठ्या ठोक्यांमध्ये जे कुजबुजल्यासारखे ठोके ऐकू येतात, ते यातूनच तयार होतात. ताशा वाजवणाऱ्याला मोठा ठोका शिकवावा लागत नाही, हा इंचभरचा मात्र फार छळतो.

आणि पाय! हातांची तयारी कितीही असो, पाय पहिलीतच असतात. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून उजव्या पायाने एक-तीन आणि डाव्या टाचेने दोन-चार असे महिनाभर केले. घरच्यांनी बोलणे सोडून दिले होते.

ठाण्याचा_ड्रममास्तर यांचे उत्तर

ताईंचे समेविषयीचे निरीक्षण मी उद्यापासून वर्गात वापरणार आहे. बँडवाले साहेबांना एवढेच सांगेन की, पारंपरिक पकडीला माझा विरोध नाही, पण दोन्ही हातांचे स्नायू वेगवेगळ्या रीतीने घडवण्याचा भार नवशिक्यावर पहिल्याच वर्षी टाकू नये. शिवाय डावीकडच्या टॉमपर्यंत (सेटमधल्या उंचावरच्या ड्रमपर्यंत) आणि सिंबलपर्यंत सारख्या पकडीने सहज पोहोचता येते. ब्रश हातात घ्याल तेव्हा ती पकड जरूर शिका.

सोसायटीविषयी लिहायचे राहिले. इलेक्ट्रॉनिक सेट घेतला तरी पेडलचा धक्का जमिनीतून खालच्या घरात जातो, आणि वरच्या जाळीदार पडद्यांचा आवाज होत नाही म्हणून आपल्याला तो कळतही नाही. दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करावा आणि सेट त्यावर ठेवावा. खऱ्या सेटवर मात्र आठवड्यातून एकदा तरी सरावखोलीत जाऊन बसा, नाहीतर सिंबलचा हात तयार होत नाही, आणि जाताना कानात बोळे घाला. बंद खोलीत ड्रमचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. अकरा वर्षे ताशा कानाशी घेतलेल्या माणसाने तर आधी कान तपासून घेतलेले बरे.

परीक्षेचा धाक हवा असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ड्रम किटच्या परीक्षा प्राथमिक पातळीपासून आठव्या श्रेणीपर्यंत आपल्याकडे देता येतात. नोटेशन वाचणे त्यामुळे वेळेवर होते.

काडीवाला_पुणे यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल ५ए हिकरीची जोडी घेतली. काउंटरवर सात स्टिक लोळवल्या, त्यांतल्या दोन वाकड्या निघाल्या. फोड भरला आहे, दुखणेही जवळपास गेले. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे उसळ्या मोजल्या: उजव्या हाताला सोळा येतात, डाव्याला नऊच्या पुढे जात नाहीत. जागा बदलून पाहिली तरी तेच. डावा हात कच्चा आहे असे धरून त्याला दुप्पट सराव द्यावा का?

ठाण्याचा_ड्रममास्तर यांचे उत्तर

आधी मोबाइल पॅडच्या उंचीवर ठेवून डाव्या हाताचे चित्रण करा आणि करंगळीकडे पाहा. माझा अंदाज आहे की ती स्टिकच्या शेपटीवर टेकलेली असेल. ताशाची काडी निसटू नये म्हणून लागलेली ती सवय आहे, आणि उसळीला तीच अडवते. करंगळी उचलून पुन्हा मोजा आणि आकडा इथे कळवा.