डीन रेलवर एमसीबी सरकतात, कशाने जखडावेत?
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पिठाच्या गिरणीच्या विजेच्या पॅनेलमध्ये ३५ मिमीच्या डीन रेलवर (उपकरणं अडकवायची धातूची पट्टी) एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारे स्विच) आणि कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे विजेवरचे स्विच) ओळीने बसवले आहेत. वरची कड अडकवून खालून दाबलं की क्लिप खट्कन बसते, पुढे निघत नाही. पण गिरणीच्या हादऱ्यांनी सगळी रांग आडवी सरकते आणि वायरींवर ताण येतो. वायर आवळायचं टर्मिनल सैल होऊन तापलं तर आगीचा धोका, म्हणून फार काळजी वाटते.

दोन्ही टोकांना एंड स्टॉपर (रांग सरकू नये म्हणून रेलवर बसणारे अडसर) लावायचे आहेत. स्क्रूने आवळायचे घ्यावेत की नुसत्या क्लिपचे पुरतील? रेल ७.५ मिमी खोलीची आहे, १५ मिमीची घेतली तर फरक पडेल का? की कॉन्टॅक्टर थेट पॅनेलच्या मागच्या प्लेटवरच स्क्रूने बसवू? गिरणीची पॅनेलं बांधलेल्यांनी कृपया सांगा.