दोन मुलं, दीड वर्षाचं अंतर: कार सीट दोघांना सारखीच की वेगवेगळी?

कासारवडवलीकर
थोरला अडीच वर्षांचा, धाकटी अकरा महिन्यांची. गाडी हॅचबॅक, मागच्या सीटला दोन्ही कडांना आयसोफिक्स (बेल्टशिवाय कार सीट अडकवायच्या पक्क्या कड्या) आहे. रोज घोडबंदर रोडने पाळणाघर, आणि अधूनमधून एक्स्प्रेसवेने साताऱ्याला आजोळी. ठाण्यातल्या एका दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल लावला: "मॅडम, छोटीला बकेट घ्या, मोठ्याला बूस्टर. स्वस्तात काम होईल." (बकेट म्हणजे तान्ह्या बाळाची, मागे तोंड करून बसणारी सीट.)

माझं मत उलटं आहे. एवढ्या जवळच्या वयाची मुलं असतील तर दोघांना एकसारखीच कन्व्हर्टिबल घ्यावी, म्हणजे मागे किंवा पुढे कसंही तोंड करून बसवता येणारी, ० ते १८ किलोवाली.

बूस्टरच्या खोक्यावरच १५ ते ३६ किलो छापलेलं असतं. आमचा थोरला तेरालाही टेकलेला नाही. शिवाय बूस्टर करतो काय, तर मुलाला उंच बसवतो, म्हणजे गाडीचाच बेल्ट खांद्यावर आणि कमरेखाली नीट येतो. त्यासाठी पोराने सरळ बसायला हवं. आमचा माजिवडा यायच्या आत झोपतो आणि दाराकडे कलंडतो, तेव्हा तो बेल्ट खांद्यावर राहील का?

बकेट १३ किलोपर्यंत चालते, पण बहुतेक मुलांची वजनाआधी उंचीच संपते. धाकटीला ती जेमतेम काही महिने पुरेल.

दुकानदाराची तिसरी गोष्ट मला जास्त खटकली. "नऊ किलोची झाली ना, मग तोंड पुढे करून बसवा." नऊ किलो ही जुन्या युरोपीय नियमातली, आर ४४ मधली अट. नंतर आलेल्या आर १२९ मध्ये किमान १५ महिने मागे तोंड ठेवायला सांगितलंय. या वयात डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी धरलं जातं आणि डोकं पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर तोच धक्का अख्ख्या पाठीवर विभागला जातो.

वेगळं मत असेल तर जरूर लिहा. सासर-माहेरची सगळी ऐकून झाली आहेत.

ढोकाळी_एक्स्प्रेस
ताई, हे सगळं जर्मनीतल्या रस्त्यांसाठी ठीक आहे. सकाळी मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, त्यात मेट्रोचे पत्रे आणि खड्डे. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जातो. तिथे दोन सीटचे मिळून पाच आकडी पैसे घालायचे?

आणि कायदा कायदा म्हणून जे सांगतात त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब नीट वाचावं. २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. चौदा वर्षांच्या आतलं मूल बेल्टने बांधलेलं असलं तरी चालतं, सीटच हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. दंड हजार रुपये, तोही घेताना मी अजून कोणाला बघितलं नाही.

बेलापूरचा_बाबा
एक्स्प्रेस, गिअरचं बोललात म्हणून हिशेबच करू. ताशी ३० म्हणजे सेकंदाला साधारण ८.३ मीटर. धडकेत हा वेग दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात शून्य झाला, तर नऊ किलोचं बाळ मांडीवर धरून ठेवायला पंचाहत्तर किलोच्या आसपास ओढ सहन करावी लागेल. ताशी ५० ला तीच सव्वाशेच्या वर जाते. धरून दाखवा. आणि तुमच्या भाषेत ३० म्हणजे निवांत चालवणं.

शिवाय घोडबंदर सकाळी तुंबतो. रात्री साडेदहानंतर गायमुखच्या बाजूने रिकामे डंपर कसे सुटतात ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडे पाम बीचला तर दिवसाही तेच.

कायद्याचं म्हणाल तर तुमचं वाचन बरोबर आहे. पण मोठ्यांसाठी बनवलेला बेल्ट अडीच वर्षांच्या पोराला लावून बघा. वरचा पट्टा गळ्यावर येतो, खालचा पोटावर. दंड वाचेल.

कळव्याची_आजी
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. माझी नात त्या सीटमध्ये बसवली की कळव्याच्या पुलापर्यंत भोकाड पसरते. मांडीवर घेतली की गप्प. आम्ही चार पोरं वाढवली, गाडीच नव्हती म्हणा, पण एसटीने कोकणात नेलीच की.

दुसरं म्हणजे, मागे दोन सीट बसवल्या की आजीने बसायचं कुठे ते कोणी लिहीत नाही. सगळे सेफ्टी सेफ्टी करतात आणि म्हातारीला रिक्षाने मागून यायला सांगतात.

खारघर_हिल्स
आजी, तुमचा दुसरा प्रश्न खरा आहे आणि तो सीट विकत घ्यायच्या आधीच सोडवायला हवा, नंतर नाही.

आय-साइजची (वरच्या आर १२९ नियमातल्या मापाची) सीट रुंदीला ४४ सेंमीपर्यंत असू शकते. आमच्या हॅचबॅकमध्ये मागे दारापासून दारापर्यंत १२८ सेंमी भरलं. वजाबाकी करून वाटतं की मध्ये चाळीस उरले. उरत नाहीत. आयसोफिक्सच्या कड्या गाडीत पक्क्या असतात, त्यामुळे सीट दाराला चिकटत नाही, दाराशी बोटभर-दोन बोटं जागा फुकट जाते आणि तेवढी मधली कमी होते. बेल्टने बसवायची सीट थोडी दाराकडे सरकवता येते. म्हणून आम्ही एक आयसोफिक्सवर आणि एक बेल्टवर बसवली, आणि मध्ये माझी बारीक नणंद मावते. सासूबाई नाही मावत. त्या पुढे बसतात, मी मध्ये, नवरा चालवतो.

बेल्टवर बसवली तर मात्र गुडघा सीटमध्ये रोवून, अंगाचा भार देऊन बेल्ट ओढायचा. मग जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवायची. इंचभराच्या वर हलली तर परत पहिल्यापासून. दुकानातला पोरगा हे करून दाखवत नाही, नुसतं "बसली मॅडम" म्हणतो.

उपवन
मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. दुकानदार चुकला हे मान्य. पण म्हणून दोघांना एकसारखी हा उपाय नाही.

० ते १८ किलोची सीट थोरल्याला चार-साडेचार वर्षांपर्यंत पुरेल. मग त्याला बूस्टर घ्यावाच लागेल, म्हणजे तिसरी खरेदी. त्यापेक्षा धाकटीला कन्व्हर्टिबल घ्या आणि थोरल्याला ९ ते ३६ किलोची. त्यात १८ किलोपर्यंत सीटचेच पाच पट्टे वापरायचे, नंतर ते काढले की तीच सीट पाठ असलेला बूस्टर होते. धाकटी मोठी होईल तेव्हाही तीच सीट कामाला येईल. दीड वर्षाचं अंतर आहे ते असं वापरायचं असतं.

आणि मागे तोंड केलेल्या दोन सीट एका हॅचबॅकमध्ये? पुढच्या दोन्ही खुर्च्या इतक्या पुढे घ्याव्या लागतील की तुमच्या यजमानांचे गुडघे डॅशबोर्डला लागतील. ड्रायव्हरच्या मागे तर मुळीच नको.

कासारवडवलीकर
उपवन, इतक्या प्रतिसादांत पहिल्यांदा कोणी माझ्या मुद्द्यावर आलं.

९ ते ३६ वाली मी बघितली आहे. माझी अडचण अशी की ती फक्त पुढे तोंड करूनच बसते. थोरला अडीच वर्षांचा, बारा-साडेबारा किलोचा. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसवतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आता सांगते की वय बघू नका, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत मागेच तोंड ठेवा. काही कन्व्हर्टिबल १८ किलोपर्यंत मागे तोंड करून चालतात, मला तशाच हव्या आहेत. तिसरी खरेदी करावी लागेल हे धरूनच चालले आहे. साधा बूस्टर त्या मानाने स्वस्त असतो.

गुडघ्यांचं मात्र बरोबर. नवरा पावणेसहा फूट आहे.

ढोकाळी_एक्स्प्रेस
अडीच वर्षांचा मुलगा साताऱ्यापर्यंत मागे तोंड करून? खंबाटकी येईपर्यंत गाडीभर उलटी. लिहून ठेवा. आमचा पुढे बघून बसला तरी खंडाळ्यातच ओकतो.

बेलापूरचा_बाबा
हे मात्र खरं आहे, आमच्याकडेही झालंय. निघायच्या आधी दूध नाही, आणि घाटात मोबाईल हातात नाही, एवढ्याने बरंच कमी झालं.

सीवूड्सवाली
थोडं अवांतर. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी वापरलेली सीट विकायला काढतं. घ्यायची का?

खारघर_हिल्स
बहिणीची, मैत्रिणीची असेल आणि गाडीला कधी धडक बसलेली नाही याची खात्री असेल तर घ्या. अनोळखी माणसाची नको, आतला फोम दबलाय की नाही ते वरून दिसत नाही. उलटी करून बघा, मागच्या प्लास्टिकवर बनवल्याची तारीख असते, बऱ्याच कंपन्या कधीपर्यंत वापरायची तेही छापतात. आणि गाडी उन्हात उभी राहत असेल तर सीटवर फिकट टॉवेल टाकत जा. एप्रिलमध्ये बकलची पट्टी अशी तापते की मांडीला लागली तर चटका बसतो.

कळव्याची_आजी
बाबा, तुमचा हिशेब मुलाकडून वाचून घेतला. मांडीचं मी सोडते. पण मला एक सांगा. जो मुलगा कारमध्ये पाच पट्ट्यांत बांधतो, तोच संध्याकाळी नातवाला स्कूटरवर पुढे उभा करून तलावपाळीला आईस्क्रीम खायला नेतो. बिनहेल्मेटचा. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे बाप असंच करतात. तेव्हा तुमचं ते सेकंदाला आठ मीटर कुठे जातं?

बेलापूरचा_बाबा
आजी, याला माझ्याकडे उत्तर नाही, नियम आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधलेला हार्नेस, वेग ताशी ४० च्या आत. फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

ढोकाळी_एक्स्प्रेस
आख्ख्या ठाण्यात तो हार्नेस घातलेलं एक पोर दाखवा, पार्टी माझ्याकडून. आजींना माझं अनुमोदन. रिक्षात, स्कूटरवर काहीच नाही आणि कारमध्ये स्वीडन.

उपवन
म्हणजे जिथे करता येतं तिथेही करू नये? हा कुठला न्याय?

कासारवडवलीकर, तुमच्यासाठी मधला मार्ग. धाकटीची मागे तोंड केलेली सीट डावीकडे, पुढच्या प्रवाशाच्या मागे. फूटपाथही त्याच बाजूला येतो, बाळाला काढ-घाल करणं सोपं. थोरल्याची ड्रायव्हरच्या मागे, पुढे तोंड करून, पण पाच पट्ट्यांतच, बूस्टर नाही. यात गुडघेही वाचतात. फक्त त्याला रहदारीच्या बाजूने उतरवू नका. आणि एक्स्प्रेसवेला लागायच्या आधी पट्टे तपासा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो सैल आहे.

कासारवडवलीकर
डावी-उजवी पटली. थोरल्याचं तोंड कुठे यावर अजून अडलंय. शनिवारी मुलं, नवरा आणि गाडी घेऊनच दुकानात जाते. दोन्ही सीट मागे तोंड करून बसवायला लावणार आणि नवऱ्याला स्टिअरिंगमागे बसवणार. मावला तर दोन्ही कन्व्हर्टिबल. नाही मावला तर उपवन म्हणतात तसं, पण त्यातही थोरल्याला कन्व्हर्टिबलच, पुढे फिरवून. ९ ते ३६ वाली नाही.

गाडीत बसवून दाखवायला दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान. वाशीला कुठे बसवून दाखवतात का, कोणाला माहीत आहे?

उपवन
तोंड पुढेच करणार असाल तर ९ ते ३६ मध्ये वाईट काय, हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही.

कासारवडवलीकर
सांगते. सहा महिन्यांनी गाडी बदलायचा विचार चाललाय. मोठी गाडी आली की त्याला परत मागे फिरवणार.

ढोकाळी_एक्स्प्रेस
सीटसाठी गाडी बदलणार! यजमानांना हा धागा वाचायला देऊ नका.